भावाचे दुखणे बहिणीच्या माथी का?

मागच्या उन्हाळ्यात सोलापुरातल्या एका घरी सोयरिकीची बोलणी होती. चार माणसांत बसायला म्हणून आम्हांला बोलावणे होते. मुलगी शिकलेली, शाळेत नोकरीला. आई विड्या वळते. वडिलांचे गुडघे यंत्रमागावर उभे राहून राहून गेलेले. पाहुणे बार्शीकडचे, माणसे समजूतदार. पोहे झाले, चहा झाला, देण्याघेण्याचा विषयच नको असे दोन्हीकडून ठरले. एवढ्यात मुलाच्या मामांनी सहज विचारले, "मुलीला भाऊ आहे म्हणाला होता, तो कुठं दिसत नाही?"

घरात एकदम शांतता पसरली. भावाला त्या दिवशी मुद्दाम मावशीकडे पाठवले होते. चार वर्षांपूर्वी आय.टी.आय.त शिकत असताना त्याला कानात माणसे बोलत असल्याचा भास होऊ लागला. गल्लीतले लोक आपल्यावर पाळत ठेवतात असे वाटू लागले. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. आता तो औषधावर आहे, शिंप्याच्या दुकानात काजे-बटणाचे काम करतो. एवढे सगळे मामांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. तिसऱ्या दिवशी निरोप आला, "मुलगी लाखात एक आहे, पण घराण्याच्या रक्तात दोष आहे. उद्या लेकराबाळांत उतरला म्हणजे?"

त्या माउलीने आम्हांला दारातच गाठले. म्हणाली, "भाऊ, तुम्ही शिकलेले, पेपरात लिहिता. धीर द्यायचा म्हणून बोलू नका, खरं सांगा. माझ्या पोरीच्या पोटी हे दुखणं येणार का?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. 'असे काही नसते हो' म्हणून वेळ मारून नेणे सोपे होते, पण ते खरेही नव्हते. म्हणून गेले काही महिने या विषयावरचे वाचले, जाणकारांना विचारले. जे हाती लागले ते त्या माउलीबरोबर आमच्या सर्व वाचक माता-भगिनींसमोर ठेवीत आहोत.

घराण्यात चालते म्हणजे किती चालते?

स्किझोफ्रेनिया आयुष्यात केव्हातरी होण्याचे प्रमाण जगभर साधारण शंभरात एक असे धरतात. आईवडिलांपैकी एकाला हा आजार असेल तर मुलांत ते शंभरात दहाच्या आसपास जाते. सख्ख्या भावाबहिणीला असेल तर शंभरात नऊच्या आसपास. मामा, मावशी, काका, आत्या यांपैकी कुणाला असेल तर भाच्या-पुतण्यांत शंभरात तीन-चार. हे आकडे युरोपातल्या जुन्या कुटुंब-अभ्यासांतले आहेत. नंतरच्या काही अभ्यासांत ते याहूनही कमी निघाले.

म्हणजे आजार घराण्यात चालतो हे खरे. पण त्या माउलीच्या प्रश्नापुरते पाहिले, तर तिच्या मुलीच्या पोटी येणाऱ्या शंभर लेकरांपैकी शहाण्णव-सत्त्याण्णव लेकरांना हा आजार होणार नाही. निरोप धाडणाऱ्या मामांनी तीन-चारांचा विचार केला, शहाण्णवांचा केला नाही.

याहून बोलकी गोष्ट एकसारख्या जुळ्यांची. एकाच बीजापासून झालेल्या या दोन भावंडांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. 'रक्तातला दोष' हेच सगळे कारण असते तर एकाला आजार झाला की दुसऱ्याला व्हायलाच हवा होता. प्रत्यक्षात वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण एक-तृतीयांश ते निम्मे एवढेच भरले आहे. जनुके सारखी, तरी अर्ध्याहून अधिक वेळा दुसरे भावंड सुटते. हे कसे होते?

सिकलसेलचा हिशेब इथे लागू नाही

विदर्भातल्या आपल्या बांधवांना सिकलसेल हा रक्ताचा आजार चांगलाच ठाऊक आहे. तिथे हिशेब सरळ असतो. एका जनुकातले एक अक्षर बदललेले असते. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. रक्ताची तपासणी करून हे लग्नाआधी कळते आणि ती तपासणी जरूर करावी. आमच्या सोलापूर भागात मामाची मुलगी करण्याची रीत आहे. अशा जवळच्या नात्यातल्या लग्नांत थॅलसेमियासारखे एका जनुकाचे आजार पुढच्या पिढीत उतरण्याचा धोका वाढतो, हेही खरे.

घोटाळा होतो तो इथे, की हाच हिशेब आपण मनाच्या आजारांना लावतो. मनाच्या आजारांत बहुधा असे एक नासलेले जनुक नसते. २०२२ साली स्किझोफ्रेनियाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ७६ हजारांहून अधिक रुग्ण आणि दोन लाख चाळीस हजारांहून अधिक निरोगी माणसे यांची जनुके ताडून पाहिली. या आजाराशी संबंध असलेल्या २८७ जागा सापडल्या. त्यांतली बहुतेक प्रत्येक जागा धोका अगदी किंचित वाढवते किंवा किंचित कमी करते. असे बारीक फरक तुमच्यात आहेत, आमच्यात आहेत आणि 'रक्तात दोष' म्हणणाऱ्या त्या मामांतही आहेत. कुणाच्या वाट्याला थोडे जास्त येतात, कुणाच्या थोडे कमी. काही रुग्णांत एखादा दुर्मीळ आणि मोठा बदल सापडतो, पण असे रुग्ण थोडे.

नक्षी तीच, नग किती?

आता खरी गंमत पुढे आहे. या जागा शोधून काढल्यावर शास्त्रज्ञांना दिसले, की त्यांतल्या बहुतेक जनुकांच्या मुख्य मजकुरात नाहीतच. त्या मजकुराच्या बाहेर आहेत. मग त्या करतात तरी काय?

हे समजायला सोलापूरकराला लांब जायला नको. चादरीचा जकार्ड माग ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, की भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून कोणते धागे उचलायचे ते ठरते आणि तशी नक्षी उमटते. जनुक म्हणजे अशी एक माळ समजा. तिच्यावरून शरीरात एकेक प्रथिन विणले जाते. माणसाच्या डीएनएमध्ये सुमारे तीनशे कोटी अक्षरे आहेत आणि प्रथिने विणणारी जनुके सुमारे वीस हजार. त्यांचा प्रथिनांपुरता मजकूर सगळा मिळून एकूण अक्षरांच्या शंभरात एक-दोन भागच भरतो.

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत या वीस हजारांचा पूर्ण संच असतो. तरी यकृताची पेशी मेंदूचे काम करीत नाही. कारण कोणती माळ मागावर चढवायची, केव्हा चढवायची आणि किती नग काढायचे याच्या चिठ्ठ्या वेगळ्या असतात. जनुकाने असे प्रत्यक्ष कामाला लागणे, याला शास्त्रात जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. जनुके गरजेप्रमाणे चालू-बंद होतात हे फ्रान्सच्या झाकोब आणि मोनो या शास्त्रज्ञांनी १९६१ साली जंतूंवरच्या प्रयोगांतून दाखवले. १९६५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

सिकलसेलमध्ये पुठ्ठ्याचे भोकच चुकलेले असते, म्हणून नक्षी बिघडते. मनाच्या आजारांशी जोडलेल्या बहुतेक फरकांत नक्षी ठीक असते. फरक असतो तो चिठ्ठीत. शंभर नग काढायचे तिथे एकशेदहा निघतात, किंवा नव्वदच. तेही सगळ्या मागांवर नाही, मेंदूच्या एखाद्या भागात, वयाच्या एखाद्या टप्प्यावर. अमेरिकेत २०१० पासून मृत दात्यांच्या अवयवांचे नमुने घेऊन कोणत्या अक्षराच्या फरकाने कोणत्या अवयवात कोणते जनुक कमी-जास्त चालते याचा मोठा नकाशा तयार झाला. केवळ मेंदूचा असा नकाशा २०१८ साली प्रसिद्ध झाला, तो जवळजवळ दोन हजार मेंदूंवरून.

सी-फोरची कहाणी

याचे सर्वांत चांगले उलगडलेले उदाहरण सी-फोर नावाच्या जनुकाचे आहे. अमेरिकेतील हार्वर्ड आणि ब्रॉड संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते २०१६ साली मांडले. २२ देशांतल्या सुमारे ६५ हजार माणसांची जनुके आणि मृत्यूनंतर मिळालेले सुमारे सातशे मेंदूंचे नमुने त्यांनी तपासले.

सी-फोरचे शरीरातले काम रोगप्रतिकाराचे. बाहेरून आलेल्या जंतूवर ते खूण करते, म्हणजे सफाई करणाऱ्या पेशी त्याला उचलतात. मेंदूत मात्र हीच खूण चेतापेशींमधल्या सांध्यांवर लागते. लहानपणी मेंदूत गरजेपेक्षा जास्त सांधे असतात. वयात येताना मेंदू त्यांची छाटणी करतो. बागेतली छाटणी झाडाच्या भल्यासाठी असते, तशीच ही. पण कात्री जास्त चालली तर? सी-फोरच्या 'ए' प्रकाराच्या प्रती प्रत्येक माणसात कमी-जास्त असतात. ज्यांच्या मेंदूत हा प्रकार जास्त तयार होतो त्यांना स्किझोफ्रेनियाचा धोका जास्त, असे आढळले. सोळा ते पंचविशीच्या आसपास, नेमके कॉलेजच्या वयात हा आजार का डोके काढतो, याचा एक धागा यातून हाती आला. प्रयोगातल्या उंदरांत या जनुकाचा सांध्यांच्या छाटणीशी संबंधही दिसला.

आता धोका वाढतो म्हणजे किती, तेही पाहा. या जागेची सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त धोक्याची रूपे ताडून पाहिली, तर शंभरातला एक सव्वा होतो, एवढेच! सर्वांत ठळक सापडलेल्या जागांपैकी एकीचे वजन एवढे. बाकीच्यांचे त्याहून हलके.

एका जनुकावर भिस्त ठेवू नये

या शास्त्रात चुकाही झाल्या आणि त्या उघडपणे कबूल केल्या गेल्या. १९९६ साली सिरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाची ने-आण करणाऱ्या एका जनुकाचा अभ्यास गाजला. त्याच्या चिठ्ठीचा एक प्रकार आखूड, एक लांब. आखूड प्रकारात जनुक कमी चालते. २००३ साली एका अभ्यासाने सांगितले, की आखूड प्रकाराच्या माणसांना आघात सोसल्यावर नैराश्य जास्त येते. वर्तमानपत्रांतून नैराश्याचे जनुक सापडल्याचा गाजावाजा झाला. पुढे लाखो माणसांची माहिती हाती आल्यावर २०१९ साली पुन्हा पडताळणी झाली, तेव्हा त्या दाव्याला आधार सापडला नाही. म्हणून कुणी खाजगी लॅब 'डीएनए तपासून मुलाला वेड लागेल की नाही ते सांगतो' म्हणाली, तर खिशातले पैसे खिशातच ठेवावेत. आज कोणत्याही रक्त-तपासणीने हे सांगता येत नाही. त्यातून आजवरची बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. तिच्यावरून काढलेला धोक्याचा आकडा आपल्या लोकांना नीट लागू पडत नाही.

दुष्काळ, मार आणि माया

चिठ्ठ्या केवळ जन्मानेच ठरतात असेही नाही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी हॉलंडच्या पश्चिम भागाचे अन्न तोडले. त्या उपासमारीच्या ऐन काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. चीनमधल्या १९५९-६१ च्या दुष्काळानंतरही असेच दिसले. त्या हॉलंडच्या मुलांच्या जनुकांवरच्या काही रासायनिक खुणा साठ वर्षांनंतरही बदललेल्या सापडल्या. ज्या जिल्ह्याने १९७२ चा दुष्काळ पाहिला, त्याला गरोदर बाईच्या ताटातल्या भाकरीचे मोल वेगळे सांगायला नको.

कॅनडात उंदरांवर प्रयोग झाले. जी आई पिल्लांना जास्त चाटते, कुरवाळते, तिच्या पिल्लांत ताण आवरणारे एक जनुक जास्त चालते आणि ती पिल्ले पुढे कमी भेदरतात. माणसाचे सगळे उंदरावरून ठरत नाही. पण मायेचा हात जनुकाच्या कामापर्यंत पोचू शकतो, हे त्यातून दिसले. लहानपणचा मार, अपमान, कोवळ्या वयातला गांजा या गोष्टी मनाच्या आजाराचा धोका वाढवतात, हे माणसांवरच्या अनेक अभ्यासांत आढळले आहे.

'रक्तशुद्धी' आम्ही ऐकलेली आहे

'रक्तात दोष' हे शब्द आपल्या समाजाला नवे नाहीत. जात म्हणजे रक्ताची शुद्धता, असे सांगणाऱ्यांचा दावा बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात खोडून काढला. जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याचे शास्त्र पुढे कुठे जाते, हे जर्मनीने दाखवले. १९३३ च्या कायद्याने तिथे स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची सक्तीने नसबंदी सुरू झाली. त्या कायद्यामागे एर्न्स्ट रूडिन हा आनुवंशिकतेचा अभ्यास करणारा मनोविकारतज्ज्ञच होता. पुढे १९४०-४१ मध्ये सत्तर हजारांहून अधिक रुग्णांना आणि अपंगांना विषारी वायूने मारले. ज्यांनी 'रक्ता'चा मार इतक्या पिढ्या सोसला, त्यांनीच तो शब्द आपल्याच लेकीच्या सोयरिकीत वापरावा, याचे आम्हांला फार वाईट वाटते.

आपल्याकडचे काम

या संशोधनात आपली माणसेही आहेत. पिट्सबर्ग विद्यापीठातील डॉ. विश्वजित निमगावकर, दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयातील डॉ. स्मिता देशपांडे आणि दिल्ली विद्यापीठाच्या डॉ. बी. के. थेल्मा यांनी भारतीय रुग्णांत स्किझोफ्रेनियाच्या जनुकांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. बंगळूरच्या निम्हान्स आणि तिथल्या दोन संशोधन संस्थांनी २०१६ पासून आणखी एक काम हाती घेतले. एकाच घरात अनेकांना आजार असलेल्या कुटुंबांतील माणसांच्या रक्तपेशींपासून प्रयोगशाळेत चेतापेशी वाढवायच्या आणि त्यांत कोणती जनुके कशी चालतात ते पाहायचे. जिवंत माणसाचा मेंदू उघडून पाहता येत नाही, त्यावर काढलेली ही वाट. देशभरच्या ८३ समाजगटांतील सुमारे दहा हजार लोकांच्या जनुकांची माहितीही जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली.

आणि एका मराठी घराची गोष्ट. कॅनडात कॅलगरी येथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला. त्यांनी तो लपवला नाही. १९९७ साली पुण्यात रुग्णांच्या कुटुंबांसाठी संस्था उभी केली. त्यांच्याच पुढाकाराने २००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट आला. त्यात आजारी भाऊ आहे आणि त्याला सांभाळणारी बहीण आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी घरच्यांसह जरूर पाहावा.

मग करावे काय?

पहिली गोष्ट, लपवू नये. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १२ राज्यांत असे दिसले, की मनाच्या आजाराच्या रुग्णांपैकी आजारागणिक सत्तर ते ब्याण्णव टक्के उपचाराविना राहतात. लपवल्याने उपचार लांबतो आणि लांबलेला आजार आवरायला कठीण जातो. घरात एकाला आजार असेल, तर भावंडांवर संशयाने पाळत ठेवू नये. झोप उडणे, एकटे एकटे बसणे, भास होणे असे काही महिनाभर दिसले तर मात्र लगेच दाखवावे. सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात मनोविकृती विभाग आहे. घरबसल्या बोलायचे तर १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर २०२२ पासून मोफत सल्ला मिळतो, मराठीतही मिळतो.

दुसरी, देवऋष्याच्या दारी मार खायला रुग्णाला नेऊ नये. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, बांधणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. मनोरुग्णाला साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मनाई आहे.

तिसरी, औषध मनाने बंद करू नये. गरोदरपणातही डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावे.

चौथी, सोयरिकीची. बौद्ध विवाहांना लागू असलेला १९५५ चा विवाह कायदा वर-वधूच्या स्वतःच्या प्रकृतीबद्दल विचारतो. भावाचे दुखणे तो बहिणीच्या खाती लिहीत नाही. खुद्द जोडीदाराला स्किझोफ्रेनिया असला तरी नुसत्या नावावर घटस्फोट मिळत नाही, आजाराची तीव्रता पाहावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली सांगितले आहे. म्हणून विचारणाऱ्याला खरे सांगावे, आणि ऐकणाऱ्याने आकडा पाहून निर्णय घ्यावा.

हे सगळे घेऊन आम्ही पुन्हा त्या माउलीकडे गेलो. विड्यांचे सूप मांडीवर होते. चिठ्ठीची गोष्ट तिला लगेच समजली. म्हणाली, "म्हणजे पोराला दुखणं माझ्यामुळं झालं, असं नाही ना?" हा प्रश्न चार वर्षे तिच्या मनात होता, आणि तो आमच्या ध्यानीमनीही नव्हता. आम्ही म्हणालो, "नाही मावशी. तुमच्यामुळं नाही, कुणाच्याच चुकीनं नाही." ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पुढच्या खेपेला पाहुणे आले तर पोराला घरातच ठेवीन. चहाचा ट्रे त्याच्याच हातात देते."

सोयरीक अजून जमलेली नाही. आमच्या वाचकांपैकी कुणाच्या घरी अशी बोलणी चालू असतील आणि भावाचा विषय निघाला, तर हे पान त्या बैठकीत जरूर वाचून दाखवावे, एवढीच विनंती.